डाव्या हाताची सोय

दसरा मागे पडला की मलकापूरच्या हवेत सोयाबीनचं कुटार, मळणीतला बारीक भुसा, येतं. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉलेजच्या बाकावरून बोट फिरवलं की पिवळट भुकटी बोटाला लागते आणि पहिल्या तासाला अर्धा वर्ग मान खाजवत बसलेला असतो. गावाबाहेरच्या शेतांत मळणीच्या मशिना लागलेल्या असतात. त्यांचा आवाज आधी नुसता घुमत राहतो. सोयाबीनचा कवळा, म्हणजे कवेत मावेल एवढी पेंढी, ड्रममध्ये गेला की आवाज जड होतो, खाली बसतो, आणि कवळा पार झाला की परत वर येतो. स्टाफरूममधल्या बायका म्हणतात, चला, दिवाळी आली. मी कॉम्प्युटर शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या धुळीसाठी कायमच्या बंद ठेवलेल्या आहेत, आणि या दिवसांत मी जमेल तेवढा वेळ तिथेच काढते.

हंगाम दरवर्षी येतो. मला मात्र त्यातला एकच आठवतो.

तेव्हा मी शेगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. आमचं गाव मोताळ्याच्या जवळ. बाबा गेल्यापासून शेत दादाच बघायचा. त्याचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, त्यामुळे वैशालीवहिनीशी माझी खरी ओळख झाली ती या सुट्टीत. तिचं माहेर वरवट बकालचं. येताना तिने सातपुड्याकडची सीताफळं आणली होती. ती धान्याच्या कोठीत पिकायला घातलेली, आणि माजघरात पाय ठेवला की तो गोड, जरासा आंबूस वास यायचा. ती बीएस्सी झालेली होती. आईसमोर मला "सोनूताई" म्हणायची, आणि आई परसात गेली की "सोनू, इकडं ये व."

हॉस्टेलच्या मैत्रिणीने माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून दिला होता. जुना, नुसत्या अक्षरांचा. काळ्या पडद्यावर ठिपके म्हणजे भुयाराची जमीन, आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती, इंग्रजी अक्षरं म्हणजे जनावरं आणि राक्षस. वर एक ओळ येई: दार उघडलं, उंदराने चावा घेतला, अंधारातून कसलातरी आवाज आला. बाकीचं आपण मनाने बघायचं. मी दुपारी खाटेवर बसून खेळत होते तेव्हा वहिनी ओल्या हातांनी मागे येऊन उभी राहिली.

"पिक्चर कुठी हाये याच्यात?"

"पिक्चर नाही. वाचायचं."

"आन तू कोनती याच्यात?"

मी @ दाखवला. ती वाकून बघत राहिली. मग पदराला हात पुसून शेजारी बसली आणि म्हणाली, "मले लावून दे."

या खेळात शिरण्याआधी खेळाडूला आपलं सगळं ठरवून द्यावं लागे. एक साधी फाईल असते, तिच्यात एकेक ओळ लिहायची. नाव काय, बाई की पुरुष, धंदा कोणता, सोबत कुत्रं हवं की मांजर. वाटेत पडलेल्या वस्तू आपोआप उचलायच्या की विचारून. धोक्याचं काही करण्याआधी खेळाने खात्री करून घ्यायची की नाही. आवडतं फळसुद्धा विचारतो तो खेळ, आणि मग भुयारात कुठेतरी तेच फळ पडलेलं सापडतं. मी हे सगळं कधी वाचलंच नव्हतं. मैत्रिणीने भरून दिलं होतं तसंच खेळत होते. वहिनीने मात्र प्रत्येक ओळीला मला थांबवलं.

धंद्यांत शिपाई होता, पुजारी होता, वैद्य होता, चोर होता. आणि एक होता नुसता प्रवासी. मी तिला सांगितलं की सगळे शिपाई घेतात, तो टिकतो. प्रवाशाच्या अंगात काही नसतं, तो पहिल्या दोन मजल्यांतच मरतो.

"प्रवासीच टाक," ती म्हणाली. "मले कोन कुठी जाऊ देते. अथी तरी जाऊ दे."

कुत्र्याचं नाव तिने माहेरच्या कुत्र्याचं घातलं, भुऱ्या. फळ सीताफळ. वस्तू आपोआप उचलायच्या का, तर नको. पायाशी आलं ते सगळं उचलत बसायचं काय. आणि खात्री करून विचारायचं का, याच्यावर ती हसली. "विचारू दे बाई. मी लय घाई करतो अशी माही आई म्हनते."

तिचा प्रवासी मरत राहिला. उंदराने, कोल्ह्याने, एकदा तर विहिरीचं पाणी पिऊन. या खेळात मेलं की मेलं, मागच्या जागेवर परत जाता येत नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून उतरायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. संध्याकाळी भाकरी थापताना ती मला दबक्या आवाजात सांगायची, आज भुऱ्याने माझ्यासाठी केवढ्या मोठ्या जनावराशी भांडण केलं. दादा ओट्याशी जेवत असायचा. तो विचारायचा, "कोन भुऱ्या?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. त्या दिवसांत घरात हसणं फार होतं.

आमची मशीन लागली त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. सगळ्यांचीच सोयाबीन काढून पडलेली, सगळ्यांनाच घाई. मजूर मिळेना. आई म्हणाली, घरचेच लागू. वहिनीने साडीवर दादाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवला, डोक्याला रुमाल बांधला. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या सगळ्याच बाया असा शर्ट घालतात, कुटार अंगाला खाजतं म्हणून. मशीन ट्रॅक्टरवर चालायची; दादा त्याच्या सीटवर बसून रेस सांभाळत होता. शेजारच्या शेतातले काका मदतीला आले होते, ते गंजीवरून कवळे काढून देत होते. वहिनी ते मशीनच्या तोंडाशी लोटत होती. मी दाण्याच्या बाजूला पोतं धरून बसले होते. धुळीतून मला तिचा फक्त रुमाल दिसत होता.

मशीनचा आवाज खाली बसला आणि परत वर आला नाही.

ती ओरडली नाही. "अहो" एवढंच म्हणाली, जशी घरात दादाला हाक मारायची तशी. दादाने वळून पाहिलं आणि सीटवरून उडी मारून तिच्याकडे धावला. ट्रॅक्टर तसाच चालू. तो तिला मागून दोन्ही हातांनी धरून ओढत होता आणि मशीन तिला पुढून ओढत होती. काका गंजीवरून उतरले, ट्रॅक्टरवर चढले, त्यांनी तो बंद केला. तोवर सगळं झालं होतं. मी पोतं अजून धरून होते. त्यात येणारे दाणे कधी थांबले ते मला कळलं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात कोपराच्या खालून हात काढावा लागला. उजवा. दिवाळी तिथेच गेली. व्हरांड्यात बसलं की बाहेर फटाके ऐकू यायचे, आणि शेजारच्या खाटेवरचं लहान मूल प्रत्येक बाराला हसायचं. दादा बाहेरच्या बाकावर बसून असायचा. औषध आणायला सांगितलं की धावत जायचा, डबा आणायला सांगितलं की धावत जायचा. आत यायचा तो मात्र नर्स असेल तेव्हाच.

घरी आणल्यावर आईने तिला खूप जपलं. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे लोकांनी आईला नावं ठेवली. ती वहिनीची वेणी घालायची, तिला भरवायची, घोट घोट दूध पाजायची. पण कणकेच्या परातीला हात लावू द्यायची नाही, चुलीजवळ बसू द्यायची नाही. वहिनी डाव्या हाताने वाटी उचलायला गेली तरी, "राहू दे माय, मी देतो." असं करत करत त्या घरात तिला करण्यासारखं काही उरलं नाही. शेजारी सत्यनारायण होता तेव्हा मी तिला बळेच घेऊन गेले. सगळ्यांना प्रसाद वाटत त्या घरच्या काकू आमच्यापर्यंत आल्या. वहिनीने डावा हात पुढे केला. काकूंचा हात मध्येच थांबला. मग माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या वाटचा तूच घे व." काकूंच्या मनात वाईट नव्हतं. डाव्या हातावर प्रसाद ठेवायचा कसा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वहिनीने हात पदराखाली घेतला, आणि त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर मी दर रविवारी घरी यायचे. अशाच एका रविवारी तिने विचारलं, "तुहा तो गेम हाये का अजून?"

मी लॅपटॉप आणला. पूर्वी ती ज्या अक्षरांनी प्रवाशाला हलवायची ती सगळी उजव्या हाताखालची होती. तिने डाव्या हाताने करून पाहिलं. हात कीबोर्डवरून आडवा जायचा आणि मनगट भलत्याच बटणावर पडायचं. प्रवासी भिंतीवर आपटत राहिला. मी म्हणाले, थांबा, हे बदलता येतं. मी ती फाईल उघडली आणि आम्ही दोघी दुपारभर बसलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारी दिशा डाव्या बोटांखाली आणल्या. तिरक्या दिशा त्यांच्या कोपऱ्यांना. तिथे आधी जी कामं होती, शोधणं, खाणं, हत्यार धरणं, ती उठवून दुसरीकडे बसवावी लागली. एक हलवलं की दुसरं अडायचं. दोन बटणं एकदम दाबायची तिथे पहिलं दाबून सोडलं तरी धरल्यासारखं चालेल, अशी सोय कॉम्प्युटरमध्येच होती, ती लावली. ती प्रत्येक गोष्ट करून बघायची. "हे लांब पडते. करंगळीखाली आन." मी आणायचे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला काय हवं ते विचारत होतं आणि ती सांगत होती.

खात्री करून विचारायची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, "ते बंद कर आता."

"काऊन? घाईत काही दाबलं जाईल."

"जाऊ दे. दर वक्ती हो का नाई, हो का नाई. तेवढं बटन दाबाले बी हात लागते ना." मग ती बोलली, नजर पडद्यावरच ठेवून. "तुहा दादा धावत आला, सोनू. कोनी त्याले काही म्हनो. ट्रॅक्टर बंद कराचा त्याले सुचलं नाई, मले धराचं सुचलं. मी तर त्याच्यावर कधी रागावली नाई."

"त्याला सांगितलंत?"

"तो उभा राह्यला तर सांगीन ना."

आम्ही फाईल बंद केली आणि खेळ सुरू केला. प्रवासी भुऱ्याला घेऊन पहिला मजला उतरला. खोलीच्या कोपऱ्यात त्याला एक अंगठी सापडली. वहिनीने ती घालायचं बटण दाबलं. वरच्या ओळीत खेळाने विचारलं, कोणत्या हातात, उजव्या की डाव्या.

ती ओळ पडद्यावर तशीच राहिली. बाहेर आई धान्य पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"हे बंद करता येते का?" तिने विचारलं.

मी फाईलमध्ये पुन्हा बघितलं. खेळासोबत आलेली सगळी माहिती वरपासून खालपर्यंत वाचली. रंग बदलता येत होते, आवाज बदलता येत होता, दरवाजाची खूण बदलता येत होती. हा प्रश्न बंद करता येत नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि डावा दाबलं.

त्या हिवाळ्यात ती खूप खेळली. माझा अभ्यास हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर चालायचा, लॅपटॉप मी तिच्याजवळच ठेवला होता. आई कुरकुरायची, दिवसभर काय ते टकटक करून राह्यली. पण ती भराभर शिकत गेली. तिचा प्रवासी आता माझ्या शिपायापेक्षा खोल उतरायचा. आपल्यापेक्षा मोठं जनावर दिसलं की ती भांडत नसे, कुत्र्याला पुढे करून स्वतः जिन्याजवळ उभी राहायची. रविवारी मी आले की ती मला मजला दर मजला सांगायची, आणि सांगताना तिचा डावा हात हवेत फिरायचा.

एकदा दुपारी दादा दारात येऊन उभा राहिला. मी खाली जमिनीवर बसून नखं कापत होते, वहिनी खाटेवर खेळत होती. दादा शेतातून आला होता, पायांना ओली माती. तो म्हणाला, "मले बी दाखव ना. कोन तो भुऱ्या."

वहिनी सरकली. खाटेवर तिने जागा केली, उजव्या बाजूला, कारण डाव्या बाजूला भिंत होती. दादा येऊन बसला. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा पाहा. हा मी, आन हा भुऱ्या. तुमी म्हनसान तिकडं जातो."

"तिकडं जा," दादा म्हणाला. "त्या दाराकडं."

ती गेली. दार उघडलं. आत काहीतरी चमकत होतं म्हणे. दादा जरा पुढे वाकला. तो हसतो की काय असं मला वाटलं, तेवढ्यात तिने नीट बसण्यासाठी अंग वळवलं आणि तिच्या स्वेटरची रिकामी बाही त्याच्या मांडीवर आली. दादाने तिच्याकडे पाहिलं. हलवली नाही, हात लावला नाही. बघत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "बैलाले पानी दाखवाचं राह्यलं."

बैलांना पाणी मघाशीच पाजलं होतं. ते तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "जा." आणि पुढचं बटण दाबलं.

संक्रांत झाली आणि तिचे वडील वरवट बकालहून आले. चार दिवस माहेरपणाला नेतो म्हणाले. आईने तिला नवीन साडी नेसवली, ओटी भरली. मी लॅपटॉप तिच्या पिशवीत घातला. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. दादा पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेला. एसटी आल्यावर त्याने पिशवी वर चढवली, तिच्या वडिलांच्या पाया पडला, आणि गाडी सुटेपर्यंत खाली बघत उभा राहिला. वहिनी खिडकीशी बसली होती. ती त्याच्याकडे बघत होती. त्याने वर बघितलं असतं तर पुढचं काही वेगळं झालं असतं का, मला सांगता येत नाही.

चार दिवसांचे महिने झाले. आई म्हणायची, जा, घेऊन ये. दादा म्हणायचा, जातो. एकदा खरंच निघाला, नांदुऱ्यापर्यंत गेला आणि तिथल्या स्टँडवरून परत आला. चहा पिऊन आलो म्हणाला. तिच्या माणसांनीही वाट बघून बघून सोडचिठ्ठीचं बोलणं काढलं. बुलडाण्याला कोर्टात दोघांनी सह्या केल्या. त्याने उजव्या हाताने, तिने डाव्या. भांडण काहीच नव्हतं. वकील म्हणाला, एवढं सरळ प्रकरण फार कमी वेळा येतं.

दादाचं दुसरं लग्न झालं. नवी वहिनी चांगली आहे. आमच्या शेतात आता मोठं हार्वेस्टर येतं, माणसाला मशीनजवळ जावं लागत नाही. दादा त्या दिवशी शेतात नसतो. मोताळ्याला काहीतरी काम काढतो.

वैशालीवहिनी शेगावला असते हे मला तिच्या मामेबहिणीकडून कळलं. एका लॉजच्या ऑफिसात ती काऊंटरवर बसते, येणाऱ्या भाविकांची नावं कॉम्प्युटरवर चढवते, खोल्यांच्या किल्ल्या देते. मला नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीत मी तिला भेटायला गेले, पुढच्या दिवाळीतही गेले. ती चहा मागवायची, घरच्या सगळ्यांची चौकशी करायची. मी लॅपटॉपचं विचारलं तेव्हा म्हणाली, "तो कवाच बंद पडला. आता टाइम बी कुठी हाये." तिची बोटं बोलता बोलता कीबोर्डवर चालत होती. काऊंटरपुढे रांग होती, आणि रांगेतलं कुणी तिच्या हाताकडे बघत नव्हतं. सगळ्यांना खोली हवी होती.

शेवटी गेले त्या वेळी मी तिला सांगितलं की दादाला मुलगी झाली. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. चांगलं हाये, म्हणाली. मग काऊंटर दुसऱ्याकडे देऊन ती माझ्यासोबत बाहेर आली. समोर हारफुलांची दुकानं, ऊन, बसमधून उतरणारी माणसं. ती म्हणाली, "एक सांगू का सोनू, राग नको मानू."

"सांगा ना."

"तू यिऊ नको आता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काऊन?"

"तुह्यावर राग नाई माहा. तुह्याएवढं कोनी केलं नाई माह्यासाठी." ती रस्त्याकडे बघत होती. "पन तुहं तोंड त्याच्यासारखं हाये. नाक, कपाळ, सगळंच. तू जातेस, आन मंग मले लय दिवस तो दिसत राह्यते. माहं काम हाये, खोली हाये, माहं चाललं हाये. ते मोडते मंग."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. तिने माझ्या गालाला हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि आत गेली. आत गेल्यावर तिने कुणाला तरी किल्ली कुठे लटकवायची ते सांगितलं, तो आवाज मला बाहेर ऐकू आला.

पेपर तपासायला मला आता मलकापूरहून अकोल्याला जावं लागतं. रेल्वे शेगावला थांबते. निम्मा डबा उतरतो, नवे लोक चढतात, कपाळाला गंध लावलेली मुलं आईबापांचा हात धरून जागा शोधतात. गाडी बऱ्यापैकी वेळ उभी असते. मी खिडकीकडे पाठ करून बसते, शेजारी जागा मागणाऱ्याला सरकून जागा देते, आणि गाडी सुटेपर्यंत उठत नाही.